समूह अभिवाचनातून निवेदक हद्दपार होऊ नये

पूर्वरंग (चर्चाप्रस्ताव):
अमेरिकेतील शालेय वक्तृत्व स्पर्धांमध्ये साहित्याच्या अभिवाचनाचे स्वतंत्र विभाग असतात. कथा, कादंबरी, कविता किंवा नाटक यांतील उतारा दोघांनी अथवा गटाने केवळ आवाज, चेहरा आणि मोजक्या हालचालींतून श्रोत्यांपुढे उभा करायचा, असे त्यांचे स्वरूप असते. १९२५ मध्ये विस्कॉन्सिनमधील रिपन येथे नॅशनल फॉरेन्सिक लीग या नावाने सुरू झालेल्या आणि आता नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या दोघांच्या विभागात १० मिनिटांची मर्यादा, वर ३० सेकंदांची सवलत, प्रकाशित साहित्य आणि संपूर्ण पाठांतर असे नियम आहेत. वेशभूषा व वस्तू वर्ज्य आहेत आणि प्रास्ताविक सोडता जोडीदारांनी एकमेकांकडे पाहायचे नाही, स्पर्शही करायचा नाही. दोघेही समोर, श्रोत्यांच्या दिशेने बोलतात आणि पात्रांची भेट श्रोत्याच्या कल्पनेत होते. हा नियम मला या प्रकाराचा प्राण वाटतो.

पालक म्हणून परीक्षणाला बसते तेव्हा मात्र मला दिसते ते असे की, कादंबरीचा उतारा निवडला तरी त्यातील निवेदन जवळजवळ पूर्ण कापलेले असते. संवाद, आक्रोश आणि शेवटचा धक्का एवढेच उरते. लेखकाने ज्या वाक्यांत पात्राच्या मनाचा ठाव घेतला, ज्या वर्णनात त्याची दृष्टी उतरली, ती वाक्ये ऐकूच येत नाहीत. मग नाटकच का निवडू नये?

गटाने गद्य सादर करण्याची याहून उत्तम रीत याच देशात घडली आहे. शिकागोजवळच्या इव्हान्स्टन येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रॉबर्ट ब्रीन यांनी ‘चेंबर थिएटर’ ही पद्धत विकसित केली. तिच्यात निवेदक गळत नाही. तो पात्रांमध्ये वावरतो, त्यांच्या कानाशी बोलतो आणि कधी पात्रच स्वतःविषयी तृतीयपुरुषी वाक्य उच्चारते. ‘ती दाराशी थांबली, आणि आत जाण्याचे धैर्य आपल्यात नाही हे तिला उमगले’ या वाक्याचा पहिला भाग निवेदकाने आणि दुसरा तिने स्वतः म्हटला, तर कृती आणि जाणीव यांतील अंतर श्रोत्याला थेट ऐकू येते. हे काम समूहच करू शकतो. त्याच विद्यापीठातील फ्रँक गलाटी यांनी जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ या कादंबरीचे केलेले रंगरूपांतर १९९० मध्ये सर्वोत्कृष्ट नाटकाच्या टोनी या अमेरिकी नाट्यपुरस्कारास पात्र ठरले, हेही ध्यानात घ्यावे. निवेदन राखण्याला स्पर्धांच्या गुणांकनात स्पष्ट स्थान द्यावे, असे माझे मत आहे.

तिसरी घंटा:
आपले मत आदरपूर्वक अमान्य करतो. मी शाळेत या विद्यार्थ्यांची तयारी करून घेतो. तीनशे पानांची कादंबरी १० मिनिटांत आणताना काहीतरी कापावेच लागते, आणि वर्णन कापले तर निदान माणसे जिवंत राहतात. शिवाय उतारा बेतण्यासाठी त्या मुलाला सगळे पुस्तक पुन्हापुन्हा वाचावे लागते. निवेदनाशी त्याची झटापट तिथे झालेलीच असते, ती श्रोत्याला दिसली नाही म्हणून वाया जात नाही. घरी एकही पुस्तक नसलेली मुले या विभागांमुळे वाचू लागलेली मी पाहिली आहेत. त्यांना रडण्या-ओरडण्याच्या प्रसंगातून साहित्याचे दार उघडत असेल, तर ते बंद करू नये. आणि समोर पाहत बोलण्याचा संकेत आपण प्राण मानता, पण सोळा वर्षांच्या मुलांना तो बरेचदा निव्वळ अडथळा होतो.

ओवी:
पुण्यातून लिहिते आहे. आपल्याकडे अभिवाचनात कागद हाती असतो. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मर्ढेकर आणि बोरकर यांच्या कवितांचे जाहीर वाचन केले, तेव्हा श्रोते कवितेसाठीच जमत. शब्द वाचणाऱ्याचे नसून कवीचे आहेत, याची जाणीव हातातल्या कागदाने सतत राहते. पाठांतराची सक्ती काढली, तर पूर्वरंग यांची निम्मी तक्रार दूर होईल, असे मला वाटते.

दूरदेशी:
मूळ कारण क्रमांकात आहे, असे मला वाटते. एका खोलीत पाच-सहा जोड्या एकामागून एक सादर करतात आणि परीक्षकाने त्यांना पहिला, दुसरा असे लावायचे असते. अशा वेळी मोठा आवाज लक्षात राहतो आणि संथ, अर्थवाही परिच्छेद मागे पडतो. आयोवा राज्यात समूहवाचन आणि ‘रीडर्स थिएटर’ (मुख्यतः आवाजातून केलेले नाट्यवाचन) हे मोठ्या गटांचे विभाग आहेत आणि तिथे गटांना एकमेकांशी न ताडता श्रेणी दिली जाते. एकाच दिवशी अनेक गटांना सर्वोच्च श्रेणी मिळू शकते. दहा-बारा मुले मिळून एका दीर्घ परिच्छेदाची लय सांभाळतात, एक आवाज वाक्य सुरू करतो, चार आवाज ते पूर्ण करतात, आणि ते ऐकायला परीक्षकाला सवड असते. गुणपत्रिकेतली एक ओळ बदलून जे साधणार नाही, ते स्पर्धेची रचना बदलून साधेल.

पूर्वरंग:
दूरदेशी, रचनेविषयीचे आपले म्हणणे मला पटते, पण ती बदलेपर्यंत आजच्या मुलांनी काय करावे? तिसरी घंटा, मुलाने घरी निवेदनाशी झटापट केली हे मान्य आहे. मात्र अभिवाचन हे श्रोत्यासाठी असते, आणि त्याच्यापर्यंत पोहोचते ती फक्त उरलेली संहिता. ओवी, कागद हाती असूनही निवेदन कापता येतेच, म्हणून केवळ तेवढ्याने भागणार नाही. गुणपत्रिकेत ‘लेखकाचे निवेदन कसे हाताळले’ असा एक प्रश्न असावा, हा माझा आग्रह कायम आहे.

तिसरी घंटा:
तो प्रश्न आला की प्रत्येक गट गुणांसाठी निवेदनाची दोन वाक्ये सुरुवातीला जोडेल आणि पुढे पूर्वीसारखेच सादर करेल. त्यापेक्षा परीक्षक म्हणून बसणाऱ्या पालकांना स्पर्धेच्या दिवशी सकाळी अर्धा तास एखादे चांगले समूहवाचन ऐकवावे आणि काय ऐकायचे ते सांगावे. आमच्या शाळेत स्पर्धा भरेल तेव्हा मी हे करून पाहायला तयार आहे, आणि त्यासाठी निवेदन राखलेला एखादा उतारा पूर्वरंग यांनीच सुचवावा.