छोट्या शिडाच्या होडीला बटन आणि जॉयस्टिक हवंच कशाला?

कणकुंबीकर: आमच्या बेळगावातल्या काही जणांचं चाललंय की मिळून एक छोटी सेकंडहँड शिडाची होडी घेऊन गोव्याला ठेवायची आणि तिला बॅटरीवरची विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, आणि जॉयस्टिक बसवायची, म्हणजे बटन दाबलं की शीड आत, परत दाबलं की बाहेर. माझा विरोध आहे. शीड लावायचं म्हणजे शिडाचा दोर सैल सोडत जायचा, पुढची कड फडफडायला लागली की फडफड थांबेल एवढाच परत ओढायचा, आणि वारा वाढला की तो दोर तळहाताला जो हिसका देतो त्यावरनंच कळतं की आता सोडायची वेळ झाली. मोटर हे काहीच सांगत नाही, ती नुसती ओढते. नवीन माणूस शीड गच्च आवळून बसतो, होडी कलते आणि वेग उलट कमी होतो. त्यात जोराचा झोत आला तर हातातला दोर लगेच सुटतो, विंच मात्र तिच्या गतीनंच सोडणार.

निपाणीचा गडी: हे सगळं धडधाकट माणसाचं झालं हो. माझ्या भावाच्या दोन्ही हातांची पकड ॲक्सिडेंटमध्ये गेली, त्यानं काय काठावर बसून आमचे फोटो काढायचे? हान्सा ३०३ ही छोटी होडी असल्या लोकांना पण चालवता येते, सर्वो म्हणजे हुकमावर फिरणारी छोटी मोटर लावली की जॉयस्टिकनं सुकाणू पण वळतं आणि शीड पण. इंग्लंडच्या हिलरी लिस्टर, मानेखाली शरीर हलत नव्हतं, २००५ मध्ये इंग्लिश खाडी एकट्यानं पार केली त्यांनी, तोंडातल्या नळ्यांत फुंकून आणि हवा ओढून. वारा त्यांना कळला नाही म्हणायचं का?

खानापूरवाला: कणकुंबीकरांशी सहमत. रेसिंगच्या नियमांत ५२वा नियमच आहे, दोर आणि शिडं फक्त माणसांच्या ताकदीनं हलवायची, काही रेसमध्ये सूट देतात ती वेगळी. आणि अभिलाष टॉमी बघा की, आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादई नदीच्या नावाची बोट घेऊन २०१२-१३ ला कुठं न थांबता एकटा पृथ्वीला फेरी मारून आला, २०१८ ला वादळात पाठीचा कणा मोडला, तरी पाठीत टायटॅनियमच्या सळ्या घेऊन २०२३ ला गोल्डन ग्लोब या एकट्यानं पृथ्वीला फेरी मारायच्या रेसमध्ये दुसरा आला, आणि ती रेस १९६८ च्या काळातल्या साधनांवरच असते.

निपाणीचा गडी: टॉमींना मानतोच, पण ते नेव्हीतले, आयुष्य समुद्रावर गेलेलं. त्यांचं उदाहरण देऊन माझ्या भावाला घरी बसवू नका. आणि आपण कुठं रेस लावायला चाललोय?

उद्यमबाग फिटर: मोटर बसवायला माझा विरोध नाही, पण काम नीट करा. दोर ड्रममध्ये अडकवून टाकू नका, मोटर बंद पडली तर एका हिसक्यात वरनं काढून हातानं सोडता आला पाहिजे, नाहीतर झोतात होडी पालथी होणार. खारं पाणी कनेक्टर खाऊन टाकतं, बॅटरी सीलबंद पेटीत पाहिजे. शिडावर लोकरीचे दोन-चार धागे चिकटवा, ते सरळ मागं वाहतायत की नाही बघून शीड किती आवळायचं ते डोळ्यानं कळतं, हाताला कळलं नाही तरी चालतं.

कणकुंबीकर: धाग्यांचं पटलं. भावासाठी मोटर असू दे, माझी ना नाही. पण ज्यांचे हात चांगले आहेत त्यांनी आधी मोटर बंद ठेवून दोरावर शिकायचं, ही अट मी सोडणार नाही.

निपाणीचा गडी: त्यांना लावा की, माझं काही म्हणणं नाही. पण खर्चात भावाचा पण वाटा आहे, तेव्हा विंच पहिल्या दिवसापासनं बसवलेली पाहिजे, नंतर बघू म्हणायचं नाही.