अनुभव धागा: गोव्याचं स्वयंपाकघर, वाटणापासून बेगमीपर्यंत सगळं घरीच

नारळ घरी खवायचा, वाटण घरी वाटायचं, सोलं (आमसुलं) अंगणात वाळवायची, तांदूळ आदल्या रात्री भिजत घालायचे. गोव्याच्या जेवणाची खरी चव या कामांत आहे. तयार मसाल्याची पाकिटं आणि डब्यातलं नारळाचं दूध आता कुठेही मिळतं, तरी ही कामं जन्मभर आवडीने करत आलेली माणसं घरोघरी आहेत. त्यांनी इथे लिहावं. 'अंदाजाने घाला' एवढ्यावर सोडू नका. प्रमाण सांगा, क्रम सांगा, आणि पदार्थ नेमका कुठे बिघडतो नि का बिघडतो ते तर नक्की सांगा. वाटी म्हणजे दीडशे मिलीची धरू.

फोंड्याहून

बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातलं कालवण. ४ मध्यम बांगड्यांना दीड वाटी खवलेला नारळ, ८ ब्याडगी मिरच्या, १ मोठा चमचा धणे, ५-६ मिरीदाणे, पाव चमचा हळद आणि सुपारीएवढी चिंच. मिरच्यांच्या बिया काढून त्या १५ मिनिटं गरम पाण्यात भिजवा.

वाटण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी मिरच्या, धणे, मिरी आणि चिंच दोन-तीन चमचे पाण्यात अगदी मऊ वाटा. नारळ आणि हळद त्यानंतर. सगळं एकदम मिक्सरमध्ये टाकलं तर मिरचीचं साल बारीक होईपर्यंत नारळ तापतो, त्याचं तेल सुटतं आणि हुमण चोथट लागतं. मिक्सर थांबत थांबत फिरवा. वाटण दोन बोटांत चोळून पाहा. रवा लागला तर अजून वाटायला हवं.

तिरफळं ८-१०. काळी बी काढून टाका, वास सगळा सालीत असतो. सालं थोड्या पाण्यात हलकी ठेचून त्या पाण्यासकट हुमणात घाला. वाटणात घालून वाटू नका, कडवटपणा उतरतो.

वाटणात अडीच वाट्या पाणी, तिरफळं आणि मीठ घालून ५ मिनिटं उकळवा. मग बांगडे आणि ४ सोलं घालून मंद आचेवर, झाकण न ठेवता, ७-८ मिनिटं. या वेळात डाव घालायचा नाही. भांडं दोन्ही बाजूंनी धरून हिंदळायचं, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. मासळी घातल्यावर आच मोठी ठेवली की रस फुटतो, वर तेल नि खाली दाणेदार नारळ असं होतं. उतरल्यावर अर्धा तास तरी हात लावू नका, आंबट आणि तिरफळ मासळीत मुरायला तेवढा वेळ लागतो.

तिरफळ तेलकट मासळीला: बांगडा, तारले. सुंगटांच्या (कोळंबीच्या) हुमणात कांदा आणि कैरी बरी. तिथे तिरफळ घातलं तर सुंगटांची गोडी मरते.

डिचोलीहून

वरच्या वाटणात एक भर. फ्रीजमधला खवलेला नारळ तसाच मिक्सरला लावू नका. गार नारळातली चरबी थिजलेली असते, तिच्या पांढऱ्या कण्या होतात आणि कितीही फिरवलं तरी जात नाहीत. अर्धा तास बाहेर ठेवा, पाणीही साधंच घ्या. आणि खवताना आडोळीवर (खवणीच्या विळीवर) करवंटीपर्यंत घासत नेऊ नका. करवंटीजवळचा तपकिरी भाग सुक्या भाजीला चालतो, हुमणाचा किंवा सोलकढीचा मात्र रंग मळका करतो.

सांग्याहून

सोलं आणि आगळ (मिठात सुटलेला कोकमाचा रस). दोन्हीला एप्रिल-मेमधली पूर्ण पिकलेली, गडद लाल-जांभळी भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, लागतात. अर्धवट लाल फळाची सोलं पिवळट राहतात आणि आंबटही कमी होतात.

फळं धुऊन कोरडी पुसा. अर्धी कापून बियांसकट गर चिनी मातीच्या बरणीत काढा आणि सालं वेगळी ठेवा. १ किलो फळाला साधारण १०० ग्रॅम जाडं मीठ गरात कालवा, दुसऱ्या दिवशी त्याला रस सुटलेला दिसेल. सालं पहिला दिवस नुसती उन्हात वाळवायची. हे टाळून ओली सालंच रसात टाकली तर ती रस पीत नाहीत, नुसती गिळगिळीत होतात. एक ऊन खाल्लेली सालं संध्याकाळी रसात बुडवा, सकाळी निथळून परत उन्हात पसरा. असं ५-६ वेळा, किंवा बरणीतला रस संपेपर्यंत. तयार सोल काळपट आणि लवचीक असतं. कडकन मोडलं तर ऊन जास्त झालं, पिळल्यावर बोट ओलं झालं तर अजून एक ऊन हवं.

बरणीत भरताना तळाशी मूठभर खडेमीठ. पावसाळ्यात सोलांवर पांढरं दिसलं की लोक घाबरून फेकतात. आधी बोटाने चोळून पाहा. मीठ असेल तर खरखरीत लागतं आणि पाण्याच्या थेंबात विरघळतं. बुरशी लवदार असते, तिला कुबट वास येतो. ती असेल तर त्या बरणीतली सोलं वापरू नका.

आगळाला १ किलो सालांना पाव किलो मीठ, एक थर सालांचा नि एक मिठाचा. रोज लाकडी डावाने वरखाली करा. ६-८ दिवसांत सालं आकसून रसात बुडतात. मग गाळून काचेच्या कोरड्या बाटलीत. साखर नको, उकळायचंही नाही. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांच्याजवळ नेऊ नका, आंबट धातूला लागतं. सोलकढीला २ वाट्या नारळाच्या रसाला २ मोठे चमचे आगळ पुरे. मीठ आगळातच असतं, तेव्हा चाखल्याशिवाय वरून घालू नका.

बिया टाकू नका. वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगतं आणि गार झालं की थिजतं. हे भिरंडेल टाचांच्या भेगांना यासारखं दुसरं काही नाही.

पेडण्याहून

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून सुक्या मासळीचं पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) मे महिन्यातच भरायचं. विकत आणलेली मासळी कोरडी दिसली तरी घरी एक कडक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. गरम असताना झाकण लावलं तर आतल्या आत घाम सुटतो आणि पंधरा दिवसांत वास फिरतो.

किस्मूर: १ वाटी सुकी सुंगटां. डोकी-शेपट्या मोडून, चाळून बारीक वाळू काढा. मंद आचेवर कोरडीच भाजा. चिमटीत चुरचुरली की झालं. मोठ्या आचेवर बाहेरून करपतात आणि आत चिवट राहतात. पूर्ण गार झाल्यावरच पाऊण वाटी नारळ, एक बारीक चिरलेला कांदा, भाजून चुरडलेल्या २ मिरच्या, थोडा चिंचेचा कोळ आणि चमचाभर कच्चं खोबरेल. मीठ शेवटी, चाखून. कालवायचं ते पानं वाढल्यावर. दहा मिनिटं आधी कालवलेली किस्मूर मऊ पडते, मग तिच्यात राम नाही.

मडगावहून

मणगणें, म्हणजे चणाडाळीची खीर. चणाडाळ १ वाटी (दोन तास भिजवून), साबुदाणा पाव वाटी, किसलेला गूळ सव्वा वाटी, एक मोठा नारळ, मूठभर काजू, चिमूटभर मीठ, वेलची.

नारळ कोमट पाण्यात वाटून पिळा. पहिला दाट रस १ वाटी, तो बाजूला. चोथा परत वाटून दुसरा पातळ रस ३ वाट्या.

डाळ उघड्या भांड्यात शिजवा. दाणा अख्खा राहिला पाहिजे, पण बोटांत दाबला की पिठासारखा चुरडला पाहिजे. इथे घाई करून चालत नाही, कारण गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही. तासभर उकळलीत तरी दाताखाली येणार. डाळ शिजल्यावर त्यात पातळ रस, काजू आणि भिजवलेला साबुदाणा. साबुदाणा पारदर्शक झाला की गूळ घालून ५-७ मिनिटं. एक चमचा तांदळाचं पीठ थोड्या पातळ रसात कालवून लावलं तर रस फुटत नाही आणि मणगणें दाटही येतं. शेवटी आच अगदी बारीक करून दाट रस आणि मीठ घाला. कडेला वाफ दिसली की उतरा. दाट रसाला उकळी आली की चोथा आणि पाणी वेगळं झालंच म्हणून समजा.

वाळपईहून

श्रावणातल्या पातोळ्या. २ वाट्या सुरय (न उकडलेले) तांदूळ ४ तास भिजवून, कमीत कमी पाण्यात गंधासारखे वाटा. पीठ पानावर बोटाने पसरता आलं पाहिजे, पान उभं धरलं तर ओघळता कामा नये. पातळ झालं तर पाणी ओतून काढायला जाऊ नका, त्यात दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळा.

चून (सारण): २ वाट्या नारळ, १ वाटी गूळ, वेलची. कढईची कड सोडेपर्यंत परता आणि ओलसर असतानाच उतरा. पाणी राहिलं तर पातोळी फुटते, जास्त आटवलं तर गार झाल्यावर गूळ कडक होतो.

हळदीचं पान धुऊन पुसा, मधली शीर मागून थोडी तासा म्हणजे दुमडताना फाटत नाही. गुळगुळीत बाजूला पातळ थर द्या, कडेला बोटभर जागा सोडा, अर्ध्या भागावर चून घाला नि दुमडा. भरपूर वाफ धरलेल्या भांड्यात १२-१५ मिनिटं. पान फिकट हिरवं झालं की झाल्या. पाच मिनिटं निवू द्या, गरमागरम पान सोललंत तर अर्धी पातोळी पानालाच राहील.

काणकोणहून

खतखतें, म्हणजे अनेक भाज्यांचं नारळाच्या वाटणातलं कालवण, आठ माणसांना. अर्धी वाटी तूरडाळ अर्धवट शिजवून त्यात भाज्या कठीण-मऊ या क्रमाने: सुरण आणि कणसाचे तुकडे, मग रताळं, कच्ची केळी, मुळा, शेंगा आणि शेवटी तांबडा भोपळा. सुरणाच्या फोडी आधी २० मिनिटं चिंचेच्या पाण्यात ठेवून धुवा, नाहीतर घसा खवखवतो. वाटण २ वाट्या नारळ, ८ मिरच्या आणि हळदीचं. इथली खोलची मिरची मिळाली तर उत्तम, रंग झळझळीत येतो.

सोलं सगळ्या भाज्या शिजल्यावरच घाला. आंबटात भाजी शिजत नाही, कडक राहते. त्यासोबत १२-१५ तिरफळं आणि लहानसा गुळाचा खडा. फोडणी अजिबात नाही. मोहरीची फोडणी दिली की तिरफळाचा वास दबतो आणि साधी मिश्र भाजी होते.

म्हापशाहून

आंब्याचं सासव. ६ पिकलेले घोंट (लहान रायवळ) आंबे सोलून, अख्खे. १ वाटी नारळ, ३ मिरच्या, १ लहान चमचा मोहरी, पाव चमचा हळद, आंबटगोड बघून गूळ. मोहरी किंचित भाजायची, तडतडेपर्यंत नाही. नारळ-मिरची पूर्ण वाटून झाली की मोहरी शेवटी घालून दोनच वेढे द्या. जास्त वाटली तर कडू होते आणि तो कडूपणा गुळाने झाकला जात नाही. आंबे आणि गूळ पाण्यात पाच मिनिटं उकळवून मग वाटण, एक उकळी, बस. मोहरीचा झणका नाकाला लागेल एवढाच हवा, म्हणून मोहरीचं प्रमाण दुसऱ्या खेपेपर्यंत वाढवू नका.