मदत हवी आहे : अटकेच्या हक्कांचं पान कोलामी-गोंडीत करायचंय

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी, पांढरकवडा भागातल्या पोडांवर (कोलामांच्या वस्त्यांवर) लावायला एक पान मराठीत तयार आहे. त्यातलं मुख्य असं :

अटकेचं कारण समजेल अशा भाषेत सांगायलाच हवं. अटक पंचनाम्यावर तारीख, वेळ आणि घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते. नातेवाइकाला कळवायचं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५८). बाईला सूर्यास्तानंतर अटक नाही; अपवाद असलाच तर महिला पोलीस अधिकारी हवी आणि तिनं लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायला हवी. कोठडीतल्या कोणालाही वकील फुकट, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, फोन १५१००.

खरी गोची वेळेची. सकाळी ‘चौकशीला’ म्हणून नेतात, अटक दाखवतात संध्याकाळी, आणि घड्याळ तिथून सुरू. म्हणून किती वाजता नेलं, कोणी पाहिलं, हे घरच्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवावं आणि पहिल्याच रिमांडला (कोठडी मागायला कोर्टात उभं करतात तेव्हा) मॅजिस्ट्रेटसाहेबांना सांगावं. कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच नाही.

आता अडलंय ते इथं : ‘चौकशी’ आणि ‘अटक’ यांतला फरक दाखवणारे शब्द कोलामीत, गोंडीत काय वापरता? ‘जामीन’ला काय म्हणता? म्हाताऱ्या माणसाला ऐकून कळेल असं हवं, देवनागरीत लिहून. आणि रिमांडच्या वेळी दुभाषी मागितला तर तुमच्या तालुक्यात मिळतो का, कोणाकडे अर्ज देता?