शब्दचर्चा : लयकारिका-पटला‘वरील’ की पटला‘तील’?

जोडाक्षर : कर्करोगाच्या मजकुरात येणाऱ्या ‘लायसोसोमल मेम्ब्रेन प्रोटीन’ला ‘लयकारिका पटलावरील प्रथिने’ म्हणावं का? आणि ‘एलएमपी’ हे लघुरूप तसंच ठेवायचं का?

काचपट्टी : ‘लयकारिका’, म्हणजे पेशीतली टाकाऊ माल पचवणारी पिशवी, हा शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे, ठेवाच. ‘वरील’ मात्र काढा. लॅम्प-1 हे यातलं एक मुख्य प्रथिन घ्या. ते पटलावर बसलेलं नसतं, आरपार गेलेलं असतं. जवळजवळ सगळं प्रथिन लयकारिकेच्या आत, शर्करा-साखळ्यांनी मढलेलं. पेशीद्रव्यात डोकावतं ते जेमतेम 11 अमिनो आम्लांचं शेपूट. आत सामू 4.5 ते 5 आणि विकरं मोकाट, त्यात पटल टिकतं ते बरंचसं या साखळ्यांच्या गालिच्यामुळे. ‘पटलप्रथिन’ पुरे.

जोडाक्षर : पण काही कर्कपेशींत लॅम्प-1 पृष्ठभागावर सापडतं असं वाचलंय. तिथे ‘वरील’च ना?

काचपट्टी : तिथे ‘पेशीपृष्ठावरील’ बरोबर. लयकारिका पेशीपटलाला येऊन मिळाली की पिशवी उलटी केल्यासारखं होतं, अस्तर बाहेर. उंदरांच्या मेलॅनोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) या बाहेर आलेल्या साखळ्या फुप्फुसातल्या गॅलेक्टिन-3ला, म्हणजे शर्करेला चिकटणाऱ्या एका प्रथिनाला, धरतात असं दिसलंय.

हे तपासताना मात्र घोळ होतो. प्रतिपिंड आतल्या मोठ्या भागाविरुद्धचा घ्या. शेपटाविरुद्धचा घेतला तर बाहेरून काहीच दिसणार नाही. पेशी बर्फावर, डिटर्जंट अजिबात नाही, आणि मेलेल्या पेशी ओळखणारा रंग सोबत. नाहीतर मेलेल्या पेशींत प्रतिपिंड शिरतो, आतला सगळा साठा चमकतो आणि ‘पृष्ठभागावर भरपूर’ असा निष्कर्ष छापला जातो.

पेशीद्रव्य : प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवरही फसगत ठरलेली. नुसत्या अमिनो आम्लांवरून वजन 45 किलोडाल्टनच्या आत यायला हवं. पट्टा दिसतो 100 ते 120च्या आसपास, तोही पसरट. नमुना खराब नाही, तो शर्करा-साखळ्यांचा भार आहे. खात्री हवी तर नमुना 100 अंशांवर 10 मिनिटं उकळा, थंड करा, मग पीएनगेज-एफ हे साखळ्या कापणारं विकर घालून 37 अंशांवर तासभर ठेवा. पट्टा खाली उतरतो. म्हणून मजकुरात नुसतं ‘लॅम्प-1चे रेणुवजन’ लिहू नका, साखळ्यांसह की शिवाय ते सांगा.

आता ‘एलएमपी’. ते ठेवूच नका. लयकारिकेचं पटलप्रथिन एलएमपी, त्या पटलाला गळती लागणं तेही एलएमपी, आणि नाक-घशाच्या कर्करोगात भेटणाऱ्या एपस्टाइन-बार विषाणूचं स्वतःचं प्रथिन एलएमपी-1! हे तिसरं लयकारिकेचं कुणीच लागत नाही. केसपेपरवर तर एलएमपी म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख.

जोडाक्षर : गळतीला मग ‘पटलभंग’?

पेशीद्रव्य : ‘भंग’ जड होतो. मला ‘पटलपाझर’ आवडेल. थोडा पाझर झाला तर कॅथेप्सिन विकरं पेशीद्रव्यात येऊन नियोजित पेशीमृत्यू सुरू करतात. फार झाला तर पेशी सरळ फुटून मरते. रास किंवा सार्क या कर्करोगकारक जनुकांनी बदललेल्या पेशींत कॅथेप्सिनमुळेच लॅम्प-1 आणि लॅम्प-2 घटतात, पटल नाजूक होतं. म्हणजे ‘कर्करोगात लॅम्प वाढतं’ हे सरसकट वाक्यही चुकीचं. कुठली पेशी, कुठलं लॅम्प ते लिहायला हवं.

काचपट्टी : ‘पटलपाझर’ला माझंही मत. गॅलेक्टिन-3 एरवी पेशीद्रव्यभर पसरलेलं असतं. पटलाला भोक पडलं की आत शिरून साखळ्यांना चिकटतं आणि ठिपके दिसतात. ठिपका आहे म्हणजे पिशवी जागेवर आहे, गळतेय. तिथे ‘भंग’ कसा लिहिणार?