गांडूळखताची गांडुळं माशांच्या टाकीत जगतील का?

खडीवाला
दोन फुटी टाकी, अंदाजे 55 लिटर पाणी. मोली आणि कोरी (तळाशी फिरणारे कोरीडोरस) हे मासे आहेत, तळाला दोन इंच बारीक खडी, स्पंज फिल्टर, एअर पंप चोवीस तास चालू. मोलींसाठी थोडं मीठ घालतो. खडीत विष्ठा आणि उरलेलं खाणं साचतं. गच्चीवरच्या खताच्या डब्यात लाल गांडुळं (आयसेनिया फेटिडा) भरपूर आहेत. पंधरा-वीस खडीत सोडली तर गाळ खातील, की बुडून मरतील?

ओलाकोपरा
लगेच बुडून मरत नाहीत. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल तर काही दिवस सहज काढतं. पण तग धरणं वेगळं आणि नांदणं वेगळं.

अडचण खडीच्या खालच्या थरात आहे. वर बुडबुडे कितीही असोत, गाळ कुजतो तिथला ऑक्सिजन जिवाणूच संपवतात आणि गांडूळ नेमकं तिथेच शिरतं. शिवाय 25 अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात आणखी ओढाताण. मेलेलं गांडूळ पांढरट, लिबलिबीत होऊन एक-दोन दिवसांत विरघळतं आणि खडीत हाती लागत नाही. पंधरा-वीस मेली तर 55 लिटरमध्ये अमोनिया चढणारच. टेस्ट किटवर 0.25 पीपीएम दिसलं तरी निम्मं पाणी बदला, नवं पाणी अँटी-क्लोरीन घालूनच.

आणि मीठ? मग विषयच संपला. मिठाच्या पाण्यात ती फार टिकत नाहीत.

खडीवाला
मग खाऊ म्हणून देता येतील का?

शेवाळ_शत्रू
देता येतील, पण ही जात नको. आयसेनिया डिवचली की पिवळट, उग्र वासाचा द्रव सोडते. बरेच मासे तोंडात घेऊन थुंकतात. युड्रिलस ही गांडुळाची दुसरी जात चालते. एक दिवस ओल्या कोऱ्या कागदावर ठेवा, पोटातली माती-शेण निघून जाईल. मग धुऊन, कोरीच्या तोंडात मावतील असे 3-4 मिलिमीटरचे तुकडे करा. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांत संपेल इतकंच. उरलेलं सायफनने (नळीने ओढून) काढा.

गाळासाठी मलेशियन ट्रम्पेट गोगलगाई ठेवा, त्या खडीत शिरून फिरतात. तरी आठवड्याला खडीचा सायफन चुकत नाही, हे धरूनच चला.

बेलसायफन
माशांची घाण गांडुळांकडून खाऊन घ्यायचीच असेल तर ती टाकीत नाही, ॲक्वापॉनिक्सच्या (माशांच्या पाण्यावर झाडं वाढवण्याच्या) बेडमध्ये सोडा. टाकीवर 12 इंच खोल क्रेट, त्यात क्ले बॉल (भाजलेल्या मातीच्या गोळ्या). पंपाने गाळासकट पाणी वर चढतं, बेड भरला की बेल सायफन (बेडमधला आपोआप चालणारा निचऱ्याचा पाइप) ते झटक्यात खाली सोडतो. दर वेळी बेड रिकामा झाला की हवा आत ओढली जाते, म्हणून तिथे गांडुळं वर्षानुवर्षं राहतात आणि पिलावतात. तिथे आयसेनियाही चालते.

पाणी वरच्या दोन इंचांपर्यंत चढू देऊ नका, तो थर कोरडाच हवा. सायफनभोवतीच्या पाइपला बारीक जाळी लावा, नाहीतर गांडुळं खाली टाकीत येतात. सायफन अडकून बेड भरलेलाच राहिला तर सगळी बाहेर चढायला लागतात. ते दिसलं की आधी सायफन तपासा. माशांना तांब्याचं औषध द्यायचं झालं तर वेगळ्या बादलीत द्या, गांडुळांना तांबं सोसत नाही. मीठ इथेही बंद, झाडंही जळतात.