डिपस्टिकच नाही या गाडीत! ऑइल बघायचं तरी कसं?

वाईकर_ड्रायव्हर

नमस्कार मंडळी. ३१ वर्षं झाली गाडी चालवतोय, त्यातली शेवटची ९ पुण्यात एका डॉक्टर साहेबांकडे. त्यांनी गेल्या दिवाळीत जुन्यातली एक जर्मन डिझेल गाडी घेतली, २०१६ ची. कंपनीचं नाव घेत नाही, साहेब पण असलं वाचत असतात. चालवायला लोणी आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझं दुखणं बोनेटखाली आहे.

मी शिकलो १९९३ साली, वाईच्या स्टँडवर, मामाच्या अ‍ॅम्बॅसडरवर. सकाळी किल्लीला हात लावायच्या आधी बोनेट उघडायचं, हा मामाचा नियम. ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढायची, चिंधीनं पुसायची, परत घालून काढायची. ऑइल कुठपर्यंत आहे एवढं बघून भागायचं नाही. चिमटीत चोळून बघायचं, कच लागतोय का. वास घ्यायचा. दुधाच्या चहासारखा रंग आला म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलं, हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) गेलं, गाडी जागची हलवायची नाही. एकदा मी न बघताच "बघितलं मामा" म्हणालो. त्यानं गुपचूप पट्टी काढली आणि माझ्या पांढऱ्या शर्टाला पुसली. त्या दिवशी लग्नाला जायचं होतं मला.

आता या गाडीचं बोनेट उघडलं की काळं प्लॅस्टिकचं झाकण. मोबाइलचा उजेड मारून पंधरा मिनिटं पट्टी शोधली, नाहीच. साहेबांनी पुस्तक काढून दाखवलं की ऑइल स्क्रीनवर बघायचं. त्यासाठी इंजिन गरम पाहिजे, गाडी सपाटीला पाहिजे आणि इंजिन चालू ठेवून थोडा वेळ थांबायचं. म्हणजे इंजिनात ऑइल आहे का ते बघायला आधी इंजिन चालू करायचं! विहिरीत पाणी आहे का बघायला आधी उडी मारा म्हटल्यासारखं झालं.

मागच्या शनिवारी साहेब, मॅडम आणि मॅडमच्या आई यांना घेऊन महाबळेश्वरला निघालो. पसरणी घाटात निम्म्यावर पिवळी लाइट लागली. ऑइल कमी, १ लिटर टाका. घाटात सपाट जागा कुठून आणू? पाचगणीत एका हॉटेलच्या पार्किंगला मोजलं, तर म्हणतंय ऑइल बरोबर आहे. रविवारी उतरताना परत कमी. मागून साहेबांनी विचारलं, "निघताना ऑइल बघितलं होतं ना तुम्ही?" ३१ वर्षांत या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर नव्हतं माझ्याकडे.

वर्कशॉपवाले म्हणतात सेन्सर बदलू, १८ हजार. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड एकही नाही, तरी म्हणतात बदलून तर बघू. पैसे साहेबांचे, पण डोकं माझं फिरतंय.

कुणाला माहीत असेल तर सांगा, हातानं ऑइल मोजायची काही सोय असते का अशा गाडीत? बाहेरून पट्टी बसवता येते का?

---

पाना_पकड_कराड

काका, आधी झाकण काढा. काही इंजिनांना पट्टीची नळी असते, पण नुसती. तोंडाला टोपण मारलेलं असतं आणि मोजायची पट्टी वर्कशॉपकडे ठेवलेली. म्हणजे घर तुमचं, चावी त्यांची. नळी सापडली तर अर्धं काम झालं. तशी पट्टी बाहेर सुटी मिळते, पण इंजिनाप्रमाणे लांबी वेगळी असते. दुसऱ्याची घातली तर चुकीचं माप दाखवणार आणि तुम्ही जास्तीचं ऑइल ओतून बसणार. नळीच नसेल तर पट्टीचा नाद सोडा, ऑइल काढूनच मोजावं लागतं.

आणि पट्टी का पाहिजे ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक सर आले. बीएस-६ डिझेल गाडी, घर ते शाळा चार किलोमीटर, दिवसातून दोनदा, बाकी गाडी उभी. मला कौतुकानं सांगतात, "माझी गाडी ऑइल खातच नाही, उलट वाढतंय!" पट्टी काढली तर वरच्या खुणेच्या दोन बोटं वर. नाकाला लावली, डिझेलचा वास. सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. ते जळणं पुरं व्हायच्या आत सरांची शाळा यायची. राहिलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये. असं रोज.

डॅशबोर्डवर फिल्टरची लाइट महिनाभर लागत होती. सर म्हणाले, "गाडी चालतीय ना, मग असू दे म्हटलं." पातळ झालेल्या ऑइलवर अजून दोन महिने काढले असते तर टर्बो आणि बेअरिंग दोन्ही गेले असते. ऑइल बदललं, सरांना म्हटलं आठवड्यातून एकदा हायवेला नेऊन वीसेक मिनिटं एका लयीत पळवत जा. ते आता दर रविवारी कोल्हापूरला मिसळ खायला जातात, घरी मलाच शिव्या बसतात.

---

चाकणकर

मी गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करतो, तेव्हा थोडी बाजू मांडू द्या.

काका, तुमचा सेन्सर खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. इंजिनाखाली ऑइल साठतं त्या चेंबरच्या तळाशी बसलेला असतो तो, ऑइलची उंची मोजतो. घाटात चढ, वळणं, ब्रेक, ऑइल सारखं इकडून तिकडे जातं. ऑइल भरपूर असेल तर गाडीला ते कळत नाही. काठावर असेल तर चढाला कमी आणि सपाटीला ठीक, असंच दिसणार. म्हणून माझी शंका ऑइल खरंच कमी असल्याची आहे. १८ हजार घालण्याआधी ते तपासा.

एक मात्र लक्षात ठेवा, बाकीच्यांनीही. पिवळी लाइट म्हणजे पातळी कमी, सवड आहे. झारीच्या चित्राची लाल लाइट लागली म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं, तिथल्या तिथे इंजिन बंद. पुढच्या पंपापर्यंत जाऊ, असं करायचं नाही.

आणि खरं सांगू का, तुमच्या मामांसारखे किती? आमच्या सोसायटीत ६० गाड्या असतील. बोनेट कुठून उघडतं हे निम्म्यांना माहीत नसेल. त्यांच्यासाठी सेन्सर म्हणजे उपकारच आहेत. पण सेन्सर दिला म्हणून पट्टी काढून टाकायची, हे मलाही पटत नाही. दोन्ही ठेवायला काय जातं? मीटिंगमध्ये असं विचारलं की सगळे लॅपटॉपमध्ये बघायला लागतात.

---

पाना_पकड_कराड

@चाकणकर साहेब, इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा कुणी काढला ते पण विचारा एकदा मीटिंगमध्ये. पूर्वी काटा चढताना दिसायचा, माणूस गाडी बाजूला घ्यायचा. आता बऱ्याच छोट्या गाड्यांत निळी लाइट म्हणजे थंड, लाल लाइट म्हणजे मेला. मधलं काही नाही.

---

नाशिककर_न्यूजर्सीत

इकडे टायरच्या हवेचं तेच. २००० सालच्या कायद्यानंतर इथे सगळ्या नव्या गाड्यांना हवेचे सेन्सर सक्तीचे झाले. कारण चांगलं होतं, कमी हवेनं टायर फुटून माणसं मेली होती. पण दर नोव्हेंबरच्या पहिल्या थंडीत सकाळी लाइट लागते, कारण तापमान साधारण ५-६ अंश उतरलं की हवा एक पीएसआयनं कमी होते. दुपारी ऊन पडलं की लाइट गायब. लोक इतके सरावलेत की खरंच पंक्चर झालं तरी "थंडी आहे" म्हणून पुढे जातात. शेजाऱ्यानं तसंच करून रिम वाकवली.

त्यात व्हॉल्व्हमधल्या सेन्सरची बॅटरी सीलबंद, काही वर्षांनी मेली की अख्खा सेन्सर बदला, टायर उतरवून. मी बाबांनी दिलेला पेनसारखा हवा मोजायचा गेज अजून वापरतो. त्याला बॅटरी नाही.

---

वाईकर_ड्रायव्हर

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

झाकण काढलं, मागच्या बाजूला नळी सापडली, वर काळं टोपण. कराडच्या दादांनी सांगितलं तसंच निघालं. तशीही सर्व्हिस जवळ आली होती, म्हणून आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गरम इंजिनातनं ऑइल काढलं आणि लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांत मोजलं. पुस्तकात फिल्टरसकट साडेसहा लिटर लिहिलंय. निघालं ५ बाटल्या आणि वर पाव. थोडं आत चिकटून राहतं ते सोडा, तरी लिटरभर कमीच. म्हणजे चाकणकर साहेब बरोबर, सेन्सर खरं बोलत होता आणि मी इथं त्याला शिव्या घालत होतो. १८ हजार वाचले. टर्बोच्या पाइपाला ओल दिसली, मिस्त्रीनं क्लिप बदलून दिली.

मग नवीन फिल्टर, बरोबर साडेसहा लिटर ऑइल. पाच मिनिटं इंजिन चालवलं, बंद करून दहा मिनिटं थांबलो. बाजारातनं आणलेली पट्टी घातली. तिच्यावरच्या खुणांवर विश्वास ठेवला नाही. ऑइल जिथं लागलं तिथं कानशीनं स्वतः रेघ मारली. खालची रेघ लिटरभर कमी असताना मारायला पाहिजे होती, ते नंतर सुचलं. पुढच्या सर्व्हिसला आधी साडेपाच ओतून मारीन.

टोपण परत लावतो, पट्टी चिंधीत गुंडाळून माझ्या सीटखाली असते. साहेबांनी परवा विचारलं हे काय, म्हटलं मामाची आठवण आहे.

आता ब्रेक पॅडच्या सेन्सरचं एक आहे, पॅड नवीन टाकले तरी लाइट जाईना. त्याचा वेगळा धागा काढतो.