बीएमआय २३.४, अ‍ॅप म्हणतं नॉर्मल, डॉक्टर म्हणतात वजन जास्त. कुणाचं ऐकू?

नेहा_सा:
ह्यांचं ऑफिसचं चेकअप झालं, वय ३८, उंची १६८ सेमी, वजन ६६ किलो. अ‍ॅपमध्ये टाकलं तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३.४, नॉर्मल दाखवतंय. पण डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, शिवाय तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ६.० आलीये. सासूबाई म्हणतात आधीच हातापायाच्या काड्या झाल्यात, अजून किती वाळवशील त्याला. पोट आहे जरा, पण ते कुणाला नसतं? सासऱ्यांना डायबेटिस आहे म्हणून मला खरंच काळजी वाटतेय.

मन्या_कराड:
डॉक्टरांचंच ऐका वहिनी. अ‍ॅपमध्ये बहुतेक जागतिक आरोग्य संघटनेची पट्टी असते, २५ च्या आत नॉर्मल. आपल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी वेगळे आकडे दिलेत, १८ ते २२.९ ठीक, २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा. हिशेब सोपा आहे, ६६ ला १.६८ ने दोनदा भागा. म्हणजे ६४ वर आले तरी रेषेच्या आत. पण ती ६.० शुगर सोडू नका, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी.

ताई_पुणे:
काड्यांसारखे हातपाय आणि पुढे पोट, हेच तर आपल्याकडचं दुखणं आहे गं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सेम २२.३, पण चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात छापून आला होता. काट्याला स्नायू आणि चरबी वेगळी कळत नाही, आणि आपल्यात स्नायू कमी. याज्ञिकांच्याच टीमने पुण्याजवळच्या गावांतली बाळं तपासली तर ती २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ ची, तरी पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही, म्हणजे हे जन्मापासूनच आहे. तू आधी ह्यांची कंबर मोज. टेप पँटच्या पट्ट्यावर नाही लावायची, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषांना ९० सेमीच्या आत हवी, आपल्याला ८०.

नेहा_सा:
मोजली ताई, ९४ आली 😟 पँट ३४ ची बसते म्हणून मी निर्धास्त होते. आता जेवण कमी करायला लावू का?

ताई_पुणे:
उपाशी नको ठेवूस, स्नायूच आटतील. भात-पोळी थोडी कमी कर, डाळ, उसळ, दही, अंडी खात असतील तर ती वाढव, आणि नुसतं चालणं पुरणार नाही, आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका घालायला लाव. आमच्या ह्यांचं वजन सहा महिन्यांत एकच किलो उतरलं पण पट्टा दोन भोकं आत गेला, शुगर ६.१ वरून ५.६. तीन महिन्यांनी परत टेस्ट कर आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखव. आणि हो, तुझी कंबर मोजलीस का?

नेहा_सा:
८३. उद्या सकाळपासून दोघंही.